मुक्या फिल्मचे शेवटचे बारा फूट

सोलापुरात अजून टीव्ही दिसत नाही. मुंबईचं प्रक्षेपण पुण्यापर्यंत येतं आणि तिथंच थांबतं. तरीही पाच-सहा वर्षं मी टीव्हीसाठी काम केलं, आणि त्या काळात केलेलं एकही काम मी पाहिलं नाही. मी चित्रण करायचो, डबा मुंबईच्या गाडीनं पार्सल करायचो आणि आठवड्यानं किंवा पंधरवड्यानं एखादं पत्र यायचं. 'चित्रण वापरले' किंवा 'चित्रण वापरता आले नाही'. माझी बायको म्हणायची, "तुमचं काम म्हणजे इथल्या विहिरीत दगड टाकायचा आणि बुडाल्याचा आवाज ऐकायला मुंबईला जायचं." ती थट्टेनं म्हणायची. मला ते एकटं असताना आठवायचं.

मूळचा मी फोटोग्राफर. स्टेशनच्या बाजूला माझा लहानसा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी आणि नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो, हे माझं पोट. मुंबईच्या टीव्ही केंद्रावर दर आठवड्याला चालू घडामोडींचा एक कार्यक्रम असतो. तो अजून चालू आहे आणि लोकप्रिय आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. कुठं रस्ता कागदावरच झाला, कुठं दवाखान्यात डॉक्टर नाही, अशा तक्रारींची शहानिशा करून ते दाखवतात. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिल्म पाठवणारे त्यांचे हंगामी कॅमेरामन असतात. सोलापूरचा मी.

बाहेरच्या माणसाला या कामाची कल्पना नसते, म्हणून थोडं सांगतो. कॅमेरा चावीचा. पूर्ण चावी दिली की अर्ध्या मिनिटाच्या आत थांबायचा. फिल्मचं रीळ शंभर फुटांचं, म्हणजे पावणेतीन मिनिटं. शंभर फुटांत सगळं गाव, सगळी तक्रार आणि तिचा पुरावा मावला पाहिजे. शिवाय फिल्म मुकी. आवाज नाहीच. म्हणून डब्याबरोबर एक कागद जायचा, त्याला मुंबईवाले डोपशीट म्हणायचे. कोणत्या शॉटमध्ये कोण आहे, कुठं आहे, काय करतो आहे, हे त्यावर क्रमानं लिहायचं. मुंबईतला संकलक सांगोला कुठं आहे हे जाणत नव्हता. त्याच्या टेबलावर माणसं यायची ती माझ्या कागदावरून. मी ज्याला सरपंच लिहिलं तो सरपंच, मी ज्याला आजारी लिहिलं तो आजारी. ही केवढी ताकद आहे, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं, आणि आवडतही होतं.

एकदा पत्र आलं, 'यंत्रमागाच्या आवाजाने कामगारांच्या कानांवर परिणाम होतो का, यावर चित्रण पाठवावे.' विषय आवाजाचा आणि कॅमेरा मुका. मी पूर्वभागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका कारखान्यात गेलो. तिथं नरसय्या नावाचे वयस्क तेलुगू विणकर होते. तीस वर्षं मागावर काढलेली. त्यांना माझी अडचण मोठ्यानं ओरडून सांगितली. ते हसत सुटले.

"एवढ्या आवाजाचं शूटिंग करायला आलाव, आन तुमच्या मशीनला कानच न्हाई म्हणताव. मग ते आमच्यातलंच की."

मार्गही त्यांनीच सुचवला. मागं उभं राहून एकानं जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची परात फरशीवर आपटायची आणि पुढच्या रांगेतल्या माणसांवर कॅमेरा धरायचा. परात आपटली. आठ माणसांपैकी एकाचीही मान वळली नाही. मी डोपशीटवर लिहिलं, 'शॉट ६ : मागे परात पडते. कोणीही वळून पाहत नाही.' ते मुंबईत फार आवडलं. नरसय्यांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "आमी कवा बघायचं?" मी म्हटलं, इथं दिसत नाही. ते म्हणाले, "मग तुमी तरी बघिटला का?" मी नाही म्हटलं. ज्यांची गोष्ट आहे त्यांनीही आणि ज्यानं टिपली त्यानंही ती पाहिलेली नाही, असा आमचा व्यवसाय.

अशी चांगली आठवण आधी सांगून टाकली, कारण पुढची सांगायला मी चार वर्षं घेतली आहेत.

त्या सुमारास निर्मात्यांचं एक पत्र आलं होतं. सभ्य भाषेत, पण लागेल असं. 'आपल्या चित्रणात इमारती आणि विहिरी उत्तम येतात. माणसांचे चेहरे फार कमी. प्रेक्षक चेहऱ्यावर थांबतो. याचा विचार व्हावा.' ते पत्र मी बरेच दिवस खिशात घेऊन फिरत होतो.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरला होता, पण सांगोल्याकडच्या काही गावांना उन्हाळ्यात अजून टँकरच जायचे. एके दिवशी दुपारी स्टुडिओत एक माणूस आला. चाळिशीच्या आतला, खाकी शर्ट, बोटांना ग्रीस. मला वाटलं, लायसन्सचा फोटो काढायचा असेल. खुर्चीवर बसला, पण कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "फोटोवाले, ते मुंबईला फिलम पाठवनारे तुमीच का?"

त्याचं नाव दस्तगीर. एका ठेकेदाराच्या टँकरवर ड्रायव्हर होता. गावाला दिवसाला तीन खेपा ठरलेल्या. दोन गावात जायच्या आणि एक खेप वाटेतल्या वीटभट्टीच्या हौदात रिकामी व्हायची. भट्टी ठेकेदाराच्या पाहुण्यांची होती.

"नेतो कोण तिकडं?" मी विचारलं.

"मीच की. दुसरं कोन नेनार? मालक सांगतो, मी नेतो."

"मग मला का सांगताय?"

तो बोटाचं ग्रीस दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं घासत बसला. मग म्हणाला, "तितं बायका घागरी लावून बसत्यात. ज्याला घागर न्हाई त्यो दगुड ठिवतो नंबराला. रोज एक म्हातारी इचारती, 'बाबा, तिसरी खेप कुटं गेली?' रोज मी म्हंतो, गाडी बिगडली. काल ती म्हनली, 'तुजी गाडी लई आजारी दिसती रं, दवाखान्यात तरी ने.' समद्या बाया हसल्या. मला न्हाई हसू आलं."

मी त्याला शब्द दिला की त्याचं नाव कुठं येणार नाही. आमच्या कामाचा तो पहिला नियम. माहिती देणाऱ्याला उघडं पाडायचं नाही.

ठरल्या दिवशी मी भट्टीजवळ रचलेल्या विटांच्या थप्पीमागे बसलो. दस्तगीरभाई टँकर घेऊन आले. आदल्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "नंबर दिसायचा असंल तर उनाकडं तोंड करून लावू का?" तसाच त्यांनी लावला. नंबरपाटीवर स्वच्छ ऊन. मग उतरून त्यांनी नळी हौदात सोडली आणि शांतपणे बिडी ओढत बाजूला उभे राहिले, पाठ माझ्याकडे करून. पाणी हौदात पडत होतं. मी तीन वेळा चावी देऊन ते टिपलं. नंतर गावात जाऊन घागरींची रांग, दगडांची रांग आणि ती म्हातारी घेतली.

परत येताना दस्तगीरभाई आणि मी एका बाभळीखाली थांबलो. रिळात बारा-एक फूट शिल्लक होते. रीळ काढायचं तर उरलेली फिल्म चालवून संपवावी लागते. बहुतेक कॅमेरामन ती आभाळाकडे धरून संपवतात. माझी एक पद्धत होती. ज्यानं मदत केली त्या माणसावर ते शेवटचे फूट खर्च करायचे. ती फिल्म त्याला कधी दिसणार नसते, पण त्याचा मान म्हणून. डोपशीटवर मी लिहायचो, 'शेवटचे दहा फूट, वापरू नये.' मुंबईवाले कापून टाकायचे. कोतवाल, शाळामास्तर, चहावाले असे कितीतरी लोक माझ्यामुळे मुंबईच्या कचऱ्याच्या टोपलीत गेले असतील.

दस्तगीरभाईंनी टँकरच्या नळाखाली तोंड धुतलं, केस ओल्या हातानं मागं सारले आणि टँकरवर एक हात ठेवून उभे राहिले. हसले. फार सुरेख हसू होतं ते. ज्याला आज म्हातारीशी खोटं बोलावं लागणार नाही अशा माणसाचं. चावी संपेपर्यंत मी तो चेहरा धरून ठेवला.

संध्याकाळी पार्सल द्यायच्या आधी मी डोपशीट लिहायला बसलो. तेरा शॉट लिहून झाले. खिशात ते पत्र होतं. चौदाव्याला मी लिहिलं, 'शॉट १४ : टँकरचा चालक, क्लोजअप, हसतो.' आणि थांबलो. 'वापरू नये' हे दोन शब्द लिहायचे राहिले असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. ते राहिले नाहीत. मी पेन हातात धरून बसलो होतो आणि विचार करत होतो की मी काही खोटं लिहिलेलं नाही. तो चालकच आहे, आणि तो हसतोच आहे. मुंबईवाल्यांनी ठरवावं. मग मी कागद घडी करून डब्याला लावला.

दहा दिवसांनी निर्मात्यांचं पत्र आलं. 'अभिनंदन. हौदात पडणारे पाणी, रिकाम्या घागरी आणि त्यानंतर तो हसणारा चालक, हे फारच परिणामकारक झाले. अनेक प्रेक्षकांनी पत्रे लिहिली आहेत.' ठेकेदाराचं नाव पुराव्याअभावी घेता आलं नव्हतं. भट्टीच्या मालकाचंही नाही. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचा चेहराही दाखवता येत नाही. सबंध प्रकरणात चेहरा होता एकाचाच, आणि तो मी पाठवला होता.

ते पत्र मी बायकोला वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच.

त्यानंतर थोड्या दिवसांनी दस्तगीरभाई स्टुडिओत आले. हातात एक अंतर्देशीय पत्र. त्यांची बहीण मुंबईला भायखळ्याला राहते. शेजाऱ्यांकडे टीव्ही बघत बसली असताना तिला भाऊ दिसला. सहा वर्षांनी. ती उठून सगळ्या बायकांना सांगायला लागली, मेरा भाई, मेरा भाई. तोवर मागून निवेदकाचा आवाज बोलत होता. गावाच्या तोंडचं पाणी पळवून हे असे हसतात, अशा अर्थाचं काहीतरी. शेजारणी तिच्याकडे बघायला लागल्या.

"तिनं लिवून घेतलंय, भाईजान, तुम हसे काय को?" दस्तगीरभाई म्हणाले. रागानं नाही. खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं. "फोटोवाले, ते मुंबईवाल्यांनी कसं काय घातलं हो? ते तर आपलं असंच व्हतं न्हवं, झाडाखालचं?"

मी म्हटलं, "मुंबईला काय कापतील, काय ठेवतील, आपल्या हातात नसतं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटलं.

ते म्हणाले, "आता चवकशी लागलीय. मालक म्हंतो, ड्रायव्हरच पानी इकत व्हता, मला ठावं न्हाई. मी सायबाला सांगितलं, मीच फोटोवाल्यांना बोलवलं व्हतं. सायेब म्हंतो, चोर आसंच म्हंतो. तुमी एवढं सांगा की मी तुमाला आधी येऊन सांगितलं. दोन शब्द. बास."

मी म्हटलं, "सांगतो की."

चौकशीला मलाही बोलावणं आलं. तालुक्याच्या कचेरीत एक टेबल, एक अधिकारी, एक कारकून. दस्तगीरभाई भिंतीजवळ उभे होते. धुतलेला शर्ट घातलेला. अधिकाऱ्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"चित्रण उत्तम झालं म्हणे," ते म्हणाले. "गाडीचा नंबरसुद्धा वाचता येतो. बरं, ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

येताना एसटीत मी सगळं जुळवलं होतं. दस्तगीरभाईंचं नाव घेतलं तर पुढचा प्रश्न येणार, की मग त्याचाच चेहरा चोर म्हणून कसा दाखवला? तो प्रश्न मुंबईला जाणार. डोपशीट बाहेर निघणार. शॉट १४. माझ्या अक्षरातला. मग मुंबईहून पत्रं येणं बंद होणार, आणि मी पुन्हा फक्त लग्नं आणि बारशी.

मी म्हटलं, "माहिती देणाऱ्याचं नाव सांगता येत नाही. आमच्या कामाचा नियम आहे."

अधिकारी समंजस गृहस्थ होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे." त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला.

मी चहा प्यायलो. दस्तगीरभाई भिंतीजवळच उभे होते. मी उठून निघालो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावून सलाम केला. मला वाटलं उपरोधानं केला असेल. तसं असतं तर बरं झालं असतं.

त्यांची नोकरी गेली. चौकशीमुळे तो नंबर आणि ते नाव सगळीकडे झाल्यावर जिल्ह्यात कुणी त्यांना स्टिअरिंगवर बसवेना. ठेकेदाराचे टँकर नात्यातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर चालू राहिले. गावाला मात्र तिसरी खेप मिळायला लागली, एवढं खरं. मुंबईनं त्याला कार्यक्रमाचं यश म्हटलं. मला आणखी कामं आली. दोन वर्षं मी ती केली. प्रत्येक रिळाच्या शेवटी उरलेली फिल्म आभाळाकडे धरून संपवायला लागलो. मदत करणारे लोक विचारायचे, "आमचा न्हाई का काढत?" मी म्हणायचो, संपली.

मग एक दिवस 'प्रकृती बरी नसते' असं लिहून मी काम सोडलं. कुणाला खरं कारण सांगितलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो कुठं गेला, हेही मी विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या कामाला वैरागला गेलो होतो. एसटी स्टँडच्या बाजूला पंक्चरचं दुकान. एक माणूस ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"ओळखलं का, दस्तगीरभाई?"

त्यांनी मान वर केली. "तुमास्नी न वळखून कसं चालंल? बसा की. मेव्हन्याचं दुकान हाय. बरं चाललंय."

मी टायरवर बसलो. ट्यूब इंचाइंचानं पुढे सरकत होती. मी बोलायला लागलो. डोपशीट म्हणजे काय ते सांगितलं. 'वापरू नये' सांगितलं. शॉट १४ सांगितला. पेन धरून बसलो होतो ते सांगितलं. कचेरीत नियम नव्हे, भीती होती, हेही सांगितलं.

त्यांचे हात पाण्यात थांबले.

"म्हंजे तुमीच लिवलं व्हतं?"

"हो."

"मी समजत व्हतो मुंबईच्या लोकांनी केलं." ट्यूब पुन्हा पाण्यात फिरायला लागली. "कचेरीत तुमी बोलला न्हाई, तवा बी मी घरात म्हनलो, त्यांच्यात नेम आसतोय, ते तरी काय करतील? बायकू म्हनली, तुमाला फशिवलं. मी तिच्यावर वरडलो." त्यांनी ट्यूब बाहेर काढून पुसली. "आज कशाला सांगाय आला, फोटोवाले? चार साल झालं. माज्या डोक्यात तुमी चांगलंच व्हता."

मी माफी मागायला बसलो होतो. निघताना कळलं की ज्या एका ठिकाणी माझं नाव शिल्लक होतं, तेही आपण होऊन पुसून टाकलं होतं.

मी विचारलं, हे सगळं लिहायला घेतलं आहे, छापायला दिलं तर चालेल का? नावासकट?

"लिवा. सायेब तर बदलून गेलं. पर लिवा. भैन वाचून घेईल कुनाकडून तरी." पंक्चरची जागा सापडली होती. तिथं ते कानशीनं घासायला लागले. घासता घासता म्हणाले, "आन ते हसन्याचं बी लिवा."

"काय?"

"मी कुटं हसत व्हतो? मी आपला ताठ उभारलो व्हतो. तुमीच म्हनला की. 'कोर्टात उभारल्यागत काय उभारलाय दस्तगीरभाई, हसा की जरा.' ध्यानात न्हाई?"

माझ्या ध्यानात नव्हतं. चार वर्षांत मी स्वतःला जितक्या वेळा दोष दिला, त्यात हे कधी आलं नव्हतं. वर मी त्यांच्या हसण्याचं जे कौतुक लिहिलं आहे ते वैरागला जायच्या आधी लिहिलेलं आहे. ते खोडावंसं वाटलं, पण राहू दिलं. कारण मी ते इतकी वर्षं तसंच लक्षात ठेवलं होतं.

तेव्हा, विचारणारं आता कुणी नसलं तरी, कचेरीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : टँकरचं पाणी भट्टीवर जातं ही माहिती मला त्याच टँकरचे चालक दस्तगीरभाई यांनी, कुणीही न विचारता, स्वतः माझ्या दुकानात येऊन दिली. नंबर दिसावा म्हणून गाडी उन्हाकडे त्यांनीच लावली. आणि फिल्मच्या शेवटी ते हसताना दिसतात, कारण मी त्यांना हसायला सांगितलं होतं.